रोपित अवयव आणि त्वचेचा कर्करोग

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, 1978 साली सुमारे 332 एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगनगरी वसविण्यात आली. तिच्या शेजारीच बोम्मसंद्र येथील नारायणा रुग्णालयसंकुलात हृदय, मूत्रपिंड, यकृत या अवयवांचे रोपण केले जाते. रोपण यशस्वी झाले, की रुग्ण बहुधा पुन्हा आपल्या कामावर रुजू होतो. गोळ्या मात्र त्याला जन्मभर घ्याव्या लागतात. या गोळ्यांचा त्वचेशी काय संबंध आहे, हे आता पाहू.

परका अवयव शरीरात आला, की रक्तातील लसिकापेशी त्याच्यावर चालून जातात. त्यांना आवरण्यासाठी ॲझाथायोप्रीन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांसारखी औषधे देतात. परंतु लसिकापेशींकडे आणखी एक काम असते. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे बिघडलेल्या त्वचेच्या पेशी हुडकून त्या नष्ट करीत असतात. पाहुण्यासाठी पहारा उठविला, की चोरालाही दार उघडे सापडते. चामखिळीस कारण होणारे पॅपिलोमा विषाणूही अशा वेळी बळावतात. ॲझाथायोप्रीनमुळे तर त्वचा अतिनील किरणांपैकी 'अ' प्रकाराला अधिक हळवी होते, आणि हा प्रकार खिडकीच्या साध्या काचेतून सहज आत येतो. तेव्हा दिवसभर कचेरीत बसणाऱ्याने आपण उन्हापासून पूर्ण सुरक्षित आहोत असे मानू नये.

गोऱ्या लोकांत याचे परिणाम ठळकपणे दिसतात. नॉर्वेतील एका पाहणीत शल्कपेशींचा कर्करोग रोपणानंतर 65 पट अधिक आढळला. एरवी तलपेशींचा सौम्य कर्करोग याहून अधिक आढळतो. रोपणानंतर हे प्रमाण उलटे होते.

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण बऱ्याच अंशी अडविते, त्यामुळे येथे हा रोग पुष्कळच कमी आहे. खरा धोका या दिलाशातच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण सावळ्या कातडीला कर्करोग होत नाही या समजुतीने कोणी ती तपासतच नाही. सावळ्या त्वचेत हा रोग कित्येकदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली सहकाऱ्यासह धोतराच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे कमरेवर घट्ट कसलेल्या धोतराखाली तो होई. परकराच्या नाडीखालीही असाच रोग आढळला आहे. हे रुग्ण रोपणाचे नव्हेत. तथापि झाकलेली, सावळी त्वचाही या रोगापासून मुक्त नाही, हे त्यांवरून कळते.

म्हणून अवयव रोपण झालेल्याने चेहरा व हात यांबरोबरच जुने व्रण, कंबर, तळपाय, नखांखालची जागा आणि जननेंद्रियाभोवतीची त्वचाही नियमित पाहावी. महिनाभरात न भरणारी जखम, वाढत जाणारी चामखीळ, खपली धरणारा व पुन्हा रक्त येणारा उंचवटा दिसल्यास तो संकोच न करता डॉक्टरांस दाखवावा. लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याने निदान होते, आणि लवकर सापडलेली गाठ बहुधा साध्या शस्त्रक्रियेने निघते. भीतीपोटी गोळ्या स्वतःहून बंद करणे मात्र घातक होय. त्याने रोपलेला अवयवच गमवावा लागेल. मात्रा कमी करावी, की सिरोलिमससारखे दुसरे औषध द्यावे, हे रोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.