घागर कोणाच्या नावाची?

आजचं चिंतन तैत्तिरीय उपनिषद, शिक्षावल्ली, अनुवाक ११.

शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतायत. म्हणजे आपल्यासारख्याच घराबाहेर पडणाऱ्या पोराला. सांगतात, देवकार्यात आणि पितृकार्यात कसूर करू नकोस. आणि लगेच पुढे: आई, वडील, आचार्य, अतिथी यांना देव मान.

यातली पितृकार्याची आज्ञा आम्ही खान्देशी चोख पाळतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगाव-धुळ्याकडे घरोघरी पितरांची घागर भरतात, आगारी टाकतात, पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य दाखवतात. पण त्या घागरीशेजारी बसलेली आजी? (आजी म्हणजे कोणाची तरी आईच की!)

जपानमध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी वृद्धांच्या सन्मानाची राष्ट्रीय सुट्टी असते. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये १ ऑक्टोबर ठरवला. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन, पण त्यासाठी ऐंशी ओलांडावी लागते.

उपनिषद मात्र दिवस सांगतच नाही. देव मानलं की रोजची पूजा आली. तरी मला ठरलेला दिवस हवासा वाटतो, कारण नोकरीच्या गावी राहून रोजचं कुठे जमतं?

म्हणून यंदा आखाजीला नैवेद्यानंतर पहिलं ताट आजीचं. मग वही घेऊन तिच्याजवळ बसणार. घागर कोणाच्या नावाने भरतेस विचारलं तर ती सासूचं नाव घेते, मग सासूच्या सासूचं. घरात ही नावं आता तिला एकटीलाच ठाऊक आहेत.