‘बरं आहे’ अशी खूण करण्याआधी

आमच्या अण्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. उपचार एका आंतरराष्ट्रीय औषधचाचणीतून चालले होते. तपासणीच्या दिवशी त्यांच्या हाती प्रकृती नि जीवनमान कसं आहे हे विचारणारे दोन फॉर्म पडत, दोन्ही मराठीत. ‘क्यूएलक्यू-सी३०’मध्ये तीस प्रश्न, बहुतेक गेल्या आठवड्याबद्दलचे. ‘ईक्यू-५डी’मध्ये पाचच, तेही फक्त आजच्या दिवसाबद्दल. अण्णा बँकेची स्लिप भरावी तसे दोन्ही उरकायचे.

ऑक्सालिप्लॅटिन या कीमोच्या औषधामुळे त्यांच्या बोटांना सतत मुंग्या यायच्या. गार पाण्याचा पेला फडक्यात गुंडाळून द्यावा लागे. शर्टाची बटणं मी लावायची. तरी ‘अंघोळ करणे, कपडे घालणे’ या प्रश्नापुढे ‘काही अडचण नाही’वर खूण! विचारलं तर म्हणाले, “अडचण कुठंय? तू लावतेसच की.” घरचे जितकं जास्त करतात, तितकं पेशंटचं दुखणं कागदावरून पुसलं जातं, हे मला तिथे कळलं. शिवाय बोटांच्या मुंग्यांबद्दल या दोन्ही फॉर्ममध्ये थेट प्रश्नच नाही.

“एवढ्यानं काय बिघडतं?” तर पुष्कळ. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ ही संस्था सरकारी आरोग्यसेवेनं कोणत्या औषधाचा खर्च उचलावा हे ठरवताना आयुष्य किती वाढलं एवढंच पाहत नाही, ते कसं गेलं हेही मोजते. निम्म्या प्रकृतीनं काढलेली दोन वर्षं तिच्या हिशेबात धडधाकट अशा एका वर्षाएवढी, आणि प्रकृतीचा तो आकडा बहुधा ‘ईक्यू-५डी’वरच्या खुणांतून निघतो. जर्मनीत 2011 पासून नव्या औषधाचा जादा फायदा तपासून किमतीची बोलणी होतात. त्यात जीवनमान हा स्वतंत्र निकष आहे. पण तीस टक्क्यांहून जास्त पेशंटांची उत्तरं गहाळ असली, तर तिथले परीक्षक ती माहिती सहसा विचारातच घेत नाहीत. आपल्याकडेही 2017 पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात औषधोपचारांचं असं मूल्यमापन चालतं.

म्हणून फॉर्म डॉक्टरांना भेटण्याआधी, निवांत बसून भरा. “काका, दुखत नाही ना?” असं विचारत कुणी घाईघाईनं तुमच्या वतीनं खुणा करत असेल, तर कागद मागून घ्या. (अण्णांच्या वेळी हे व्हरांड्यात उभ्या-उभ्या झालंय.) वाचता येत नसेल तर प्रश्न आहे तसा कुणाकडून वाचून घ्या, उत्तर मात्र तुमचं. मदतीशिवाय काय जमतं, ते लिहा. प्रश्न कोरा सोडू नका.

फॉर्म बहुधा पुढच्या डोसच्या सकाळी हाती येतो, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या दिवशी. मधले वाईट दिवस घरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि ते डॉक्टरांना तोंडी सांगा. फॉर्म त्याच दिवशी कुणी वाचेलच, असं नाही. खरं सांगितलं तर औषध बंद करतील, ही धास्ती अण्णांनाही होती. डोस कमी होईलही. मुंग्या वाढत असतील तर तो वेळीच कमी व्हायलाच हवा, नाहीतर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

अमेरिकेत 766 पेशंटांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. ज्यांनी आपली लक्षणं नियमित कळवली आणि ज्यांच्या नर्सना त्रास वाढल्याची सूचना लगेच मिळत होती, ते मध्यमानानं 31.2 महिने जगले; नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेणारे 26 महिने.

घरात कुणी पेशंट असेल, तर पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्री त्यांना स्वतःची बटणं स्वतः लावून पाहायला सांगा.