पगारपत्रकावरची माणसे आणि फडातली माणसे

— ऊस विकास अधिकारी



वार्षिक सभेत अहवाल हाती पडला की आपण आधी भावाचे पान उघडतो, मग कर्जाचे. कामगारसंख्येचे कोष्टक मात्र कोणी वाचत नाही. या अंकात ऊसलागणीऐवजी त्या कोष्टकाविषयी लिहायचे ठरविले आहे. विषय शेतकी खात्याबाहेरचा वाटेल, पण तोडीची पाळी आणि तोडीचा खर्च या दोन्हींशी त्याचा सरळ संबंध आहे.

मोठ्या धंद्यात किती माणसे असतात, याचा प्रथम अंदाज घेऊ. अमेरिकेतील वॉलमार्ट ही दुकानदारी करणारी कंपनी. १९६२ साली तिचे पहिले दुकान निघाले. आज तिच्याकडे जगभरात सुमारे २१ लाख माणसे कामाला आहेत. आपल्या भारतीय रेल्वेत १२ लाखांच्या आसपास आहेत. टाटांच्या टीसीएस या संगणक कंपनीत मार्च २०२५ अखेर ६ लाखांच्या वर माणसे होती आणि त्यात शेकडा ३५ च्या आसपास स्त्रिया. कोळसा खाणीत पहाल तर शंभरात दहासुद्धा स्त्रिया सापडत नाहीत. म्हणजे धंदा बदलला की माणसांची संख्या बदलते, वय बदलते, बाई-पुरुषाचे प्रमाणही बदलते. इथपर्यंत सोपे आहे.

आता कोल इंडियाचे बघा. १९७५ साली ही सरकारी कंपनी झाली तेव्हा वर्षाला ७ कोटी ९० लाख टन कोळसा निघत होता आणि कामावर सुमारे पावणेसात लाख माणसे होती. २०२४-२५ साली कोळसा निघाला ७८ कोटी टन, आणि पटावरची माणसे राहिली सव्वादोन लाखांच्या आसपास. दहापट माल आणि एक तृतीयांश माणसे! यंत्रे आली, भुयारी खाणींऐवजी उघड्या खाणी आल्या, हे खरेच. पण दगडमाती उपसण्याचे बरेचसे काम ठेकेदारांकडे गेले, हेही तितकेच खरे. ठेकेदाराचा माणूस त्याच खाणीत राबतो, मात्र सव्वादोन लाखांत तो धरलेला नसतो.

हा प्रकार जगभर आहे. मॅकडोनाल्ड या खाद्यपदार्थाच्या कंपनीच्या स्वतःच्या पटावर दीड लाखांच्या आसपास माणसे आहेत. पण तिच्या नावाच्या पाटीखाली काम करणारी धरली तर आकडा २० लाखांच्या वर जातो. कारण शंभरातली ९५ दुकाने दुसऱ्यांनी परवाना घेऊन चालविलेली. ॲपल कंपनीच्या पटावरही दीड लाखाच्या थोडी वर माणसे, पण तिचा फोन जोडणारे हात दुसऱ्याच कंपन्यांच्या पगारावर. आपल्या देशात सरकार दरवर्षी कारखान्यांची पाहणी करते. तीत या शतकाच्या सुरुवातीला शंभर कामगारांमागे २० च्या आसपास ठेकेदारीतले असत. आता ते ४० च्या वर गेले आहेत.

म्हणून कोणत्याही धंद्याची कामगारसंख्या वाचताना एकच प्रश्न विचारावा: यात कोण धरले आहे आणि कोण सोडले आहे?

हा प्रश्न आता आपल्या गव्हाणीपाशी आणू. साखर धंद्याचा नेहमीचा सरकारी आकडा असा: देशात सुमारे ५ कोटी ऊस उत्पादक आणि त्यांची कुटुंबे, आणि कारखान्यांत प्रत्यक्ष कामाला सुमारे ५ लाख कामगार. हे ५ लाख म्हणजे फिटर, पॅनमन, केमिस्ट, काट्यावरचे क्लार्क, शेतकी मदतनीस, चिटबॉय वगैरे. त्यात कायम आले, हंगामी आले. हंगामी कामगाराला बंद काळात रिटेन्शन भत्ता मिळतो, त्याची हजेरी, त्याचा फंड, सगळे कागदावर. पण फडात कोयता चालविणारा त्या ५ लाखांत नाही.

हिशेब करून पाहू. दिवसाला २५०० टन गाळणारा कारखाना धरा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवसभर राबून एका कोयत्याची तोड दीड ते दोन टन. दोन टन धरले तरी २५०० टनांना १२५० कोयते, म्हणजे २५०० माणसे, तीही रोज. आजारपण, बाळंतपण, गाडी बिघडणे, फड बदलणे यासाठी आणखी पाचपन्नास टोळ्या हाताशी लागतातच. अशा कारखान्याच्या पगारपत्रकावर हजाराच्या आतबाहेर नावे असतात. म्हणजे पटावरच्या एका माणसामागे पटाबाहेरची अडीच-तीन माणसे. राज्यात हंगामाला दोनशेच्या आसपास कारखाने चालतात. बीड, अहिल्यानगर, जालना आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या तोडकऱ्यांचा आकडा १० ते १५ लाखांच्या दरम्यान सांगितला जातो. नेमका कोणालाच सांगता येत नाही, कारण मोजलेच नाही.

आपण मोजतो ते कोयते. करार मुकादमाशी, उचल मुकादमाला आणि हिशेब कोयत्यावर. एक कोयता म्हणजे दोन माणसे, पण कागदावर नाव एकाचे, तेही पुरुषाचे. एकटा आला तर अर्धा कोयता म्हणतात. मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बाई आपल्या कोणत्याही रजिस्टरात नाही. टीसीएसला शंभरात पस्तीस बाया सांगता येतात. आपल्या फडात निम्म्या बाया आहेत, हे आपल्याला डोळ्यांनी दिसते पण कागदावर दाखविता येत नाही.

याचा परिणाम काय होतो तो बीड जिल्ह्यात दिसला. २०१९ साली शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. खाडा झाला की पैसे कापले जातात, पगारी रजा नाही, फडाशेजारी आडोसा नाही. इतकी वर्षे ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही याचे एक कारण उघड आहे. या बाया कोणत्याच कारखान्याच्या पटावर नव्हत्या, तेव्हा त्यांच्या आजाराची नोंद ठेवणार कोण?

“हा मुकादमाचा प्रश्न, आपला नव्हे,” असे काही सभासद म्हणतील. गट ऑफिसात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकतो. बरे, मग नुसता व्यवहारच पाहू. टोळीत कोण येणार याची नावनिशी नसल्यामुळेच एक मुकादम त्याच माणसांवर दोन कारखान्यांची उचल घेऊ शकतो. टोळी येत नाही, उचल बुडते, आणि ती शेवटी निघते आपल्याच तोडणी-वाहतूक खर्चातून, म्हणजे उसाच्या बिलातून. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. माझ्या मते ती योग्यच होती. शिवाय गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरले आहे. ४ लाख टन गाळपाला ते ४० लाख रुपये होतात. एवढी रक्कम आपल्या खात्यातून जाणार असेल तर ती आपल्या फडातल्या कोणाकोणाला पोचते हे पाहायला यादी नको का?

शेअर बाजारातल्या मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने सक्ती केली आहे की कायम किती, बिनकायम किती, त्यांत स्त्रिया किती, वर्षात सोडून गेले किती, हे सर्व अहवालात छापावे. सहकारी कारखान्यांना ती लागू नाही. पण १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला तो काही कोणाच्या सक्तीने नव्हे. एवढे एक कोष्टक आपण आपणहून छापायला काय हरकत आहे?

यंत्राविषयी थोडे. हार्वेस्टर आला की तोडकऱ्यांचा प्रश्न मिटला, असे बोलले जाते. चांगल्या सलग फडात हार्वेस्टर दिवसाला १०० टनांपर्यंत ऊस काढतो, म्हणजे पन्नास कोयत्यांचे काम. शासनाने त्याला ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये, अनुदान ठेवले. पण साडेतीन फुटी सरीत तो चालत नाही, सरी पाच फुटी हवी. लोळलेला ऊस, ओली काळी रान, बांधाबांधाचे वीस गुंठे, इथे अजून बरीच वर्षे कोयताच लागेल. ज्यांना पुढील लागण यंत्रासाठी करायची आहे त्यांनी सरी पाडण्यापूर्वी गटातील शेतकी मदतनिसाला रान दाखवावे. सरी पाडून झाल्यावर बोलावून उपयोग नाही.

तोड सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गट ऑफिसात ‘टोळी नोंद’ हा एक पानी नमुना ठेवण्यात येत आहे. मुकादमाचे नाव त्यात आहेच, पण त्याखाली प्रत्येक तोडकऱ्याचे व तोडकरणीचे वेगळे नाव, वय, गाव आणि सोबतच्या मुलांची संख्या लिहायची आहे. चिटबॉय तो भरून घेतील. आपल्या फडात टोळी उतरली की तीन दिवसांच्या आत हा नमुना भरला गेला की नाही, हे सभासदाने स्वतः विचारावे, आणि नसल्यास गट ऑफिसला कळवावे. पान पालटले की मागील बाजूस रकाना आहे: फडाजवळ पिण्याचे पाणी कोठून घेतात. विहीर आपली असेल तर तेवढे आपणच लिहून द्यावे.