होडी कुठे लागेल?

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना बाळकुम मागे पडले की कशेळीचा पूल लागतो. पुलाखालचे खाडीचे पाणी भरतीला एकीकडे, तर ओहोटीला उलट दिशेने वाहते. येथे होडी वल्हवत पलीकडे नेली तर?

समजा, पात्र २४० मीटर रुंद आहे. होडीचे तोंड प्रवाहाशी काटकोनात असून संथ पाण्यातील तिचा वेग सेकंदाला २ मीटर आहे. ओहोटीचा वेग सेकंदाला १.५ मीटर आहे. किती वेळ लागेल?

पुष्कळ विद्यार्थी पायथागोरसच्या प्रमेयाने परिणामी वेग २.५ मीटर काढतात आणि २४० ला त्याने भागून ९६ सेकंद लिहितात. येथेच गुण जातात! २.५ हा तिरकस मार्गावरचा वेग आहे, तर २४० हे काटकोनातील अंतर.

काटकोनातील अंतराला त्याच दिशेचा वेग घ्या : २४० ÷ २ = १२० सेकंद. तेवढ्यात प्रवाह होडीला १.५ × १२० = १८० मीटर वाहून नेतो. पडताळा पाहा : तिरकस मार्ग ३०० मीटर, ३०० ÷ २.५ = १२०.

म्हणजे होडीचे तोंड असेच ठेवले, तर ओहोटीच्या जोराने वेळ बदलत नाही. बदलते ती उतरण्याची जागा.

आता नेमके समोर उतरायचे असेल, तर तोंड प्रवाहाविरुद्ध किती वळवाल? वेळ सुमारे १८१ सेकंद येतो का, ते करून पाहा. आणि ओहोटीचा वेग २ मीटरहून अधिक झाला तर?