कोबोलची शिळा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात माउंटन व्ह्यू नावाचे एक शहर आहे. संगणकाच्या इतिहासाला वाहिलेले एक मोठे संग्रहालय तेथे आहे. जुनी अवाढव्य यंत्रे, त्यांचे सुटे भाग, पिवळी पडलेली कागदपत्रे अशा असंख्य वस्तूंबरोबर त्या संग्रहालयाच्या संग्रही संगमरवराची एक शिळाही आहे. थडग्यावर उभी करतात तशी ती शिळा आहे. तिच्या माथ्यावर बळीचे कोकरू कोरलेले असून दर्शनी भागावर एकच शब्द आहे : ‘कोबोल’.

कोबोल हे कोणा मनुष्याचे नाव नव्हे. संगणकाला आज्ञा देण्याच्या एका भाषेचे ते नाव आहे. मग भाषेला थडगे कसले? आणि जी भाषा मेली असे ही शिळा सांगते, ती आजही जगातील कितीतरी बँकांचे व सरकारी कचेऱ्यांचे हिशेब करीत आहे, हे कसे? शिळेला हे प्रश्न विचारून उपयोग नाही; दगड बोलत नाही. ज्यांच्या समोर त्या घटना घडल्या त्यांचे शब्द आणि त्या काळचे कागद जपून ठेवलेले असतील, तरच दगडाचा अर्थ उलगडतो.

१९५० नंतरच्या दशकात संगणक मोठमोठ्या कचेऱ्यांत येऊ लागले. परंतु प्रत्येक कंपनीच्या यंत्राला आज्ञा देण्याची रीत निराळी होती. नोकरांच्या पगाराचा हिशेब करणारी आज्ञावली एका यंत्रासाठी मोठ्या कष्टाने लिहावी, आणि दुसरे यंत्र विकत घेताच ते सारे कष्ट वाया जावेत, अशी स्थिती होती. बरोज या कंपनीत काम करणाऱ्या मेरी हॉज यांनी यावर उपाय शोधण्याचा आग्रह धरला. एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही जाणकार एकत्र जमले. त्यानंतर २८ व २९ मे रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन या इमारतीत सुमारे ४० जणांची सभा झाली. व्यापार व कचेरी यांच्या कामासाठी एकच समाईक भाषा असावी, ती साध्या इंग्रजी शब्दांची असावी, आणि कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर ती चालावी, असे त्या सभेत ठरले.

हे काम एका समितीकडे सोपविण्यात आले. तीत संगणक बनविणाऱ्या सहा कंपन्यांचे व तीन शासकीय संस्थांचे प्रतिनिधी होते. बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या या कंपन्या एका मेजाभोवती बसल्या, हीच मोठी गोष्ट होती. साहजिकच मतभेद फार झाले. एक शब्द ठेवावा की वगळावा यावर दीर्घ चर्चा होत. काम पुढे सरकेना, तेव्हा आरसीए या कंपनीचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग कंटाळून गेले. ही भाषा जन्मापूर्वीच मरणार असे त्यांना वाटू लागले. त्यांनी थडग्याचे दगड घडविणाऱ्या एका कारागिराकडून ती शिळा तयार करवून घेतली आणि संरक्षण खात्यातील चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिली. फिलिप्स हे या सर्व कार्याच्या कार्यकारी समितीचे प्रमुख होते. ती शिळा म्हणजे एक थट्टा होती. परंतु त्या थट्टेत मनापासूनची चिंताही होती.

ती चिंता खोटी ठरली. नोव्हेंबर १९५९ मध्ये सहा जणांचा एक लहान गट न्यूयॉर्क येथे बसला व त्याने दोन आठवडे रात्रंदिवस खपून भाषेचा आराखडा सिद्ध केला. आयबीएमचे विल्यम सेल्डन व गर्ट्रूड टिअर्नी, आरसीएचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग व हॉवर्ड डिस्काउंट, आणि सिल्व्हेनियाचे व्हर्नन रीव्हज व जीन सॅमेट हे ते सहा जण होत. ज्यांनी शिळा घडविली, तेच ब्रॉमबर्ग भाषा घडविणाऱ्यांतही होते! डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमध्ये लिहिलेली एकच आज्ञावली अगदी किरकोळ फेरफार करून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. समाईक भाषेचे स्वप्न साकार झाले.

वर्षांमागून वर्षे गेली. कोबोल जगभर पसरली. परंतु जसजशी तिची कीर्ती वाढली, तसतसा तिचा खरा इतिहास अंधुक होऊ लागला. लोकांना एका कार्याचा एकच कर्ता असला की लक्षात ठेवणे सोपे जाते. ग्रेस हॉपर या अमेरिकेच्या नौदलातील विदुषी संगणकाच्या क्षेत्रात फार विख्यात होत्या. इंग्रजी शब्दांनी संगणकाला आज्ञा देता येतील ही कल्पना त्यांनी हिरिरीने मांडली होती, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या फ्लो-मॅटिक या भाषेचा कोबोलवर मोठा प्रभाव पडला होता. त्यामुळे ‘कोबोल हॉपरबाईंनी निर्माण केली’ असे पुष्कळ जण बोलू व लिहू लागले. मेरी हॉज, टिअर्नी, सेल्डन ही नावे मात्र हळूहळू मागे पडली.

ही चूक जीन सॅमेट यांना खटकली. हॉपर यांच्याविषयी त्यांना आदर होता; तथापि आदर म्हणजे दुसऱ्यांच्या श्रमांचे श्रेय एकाच्या पदरात घालणे नव्हे, हे त्या जाणून होत्या. हॉपर यांच्या विचारांचे ऋण मोठे आहे, परंतु कोबोलची रचना समितीने केली, असे त्यांनी वेळोवेळी स्पष्टपणे सांगितले. अर्थात असे सांगायचे तर पुरावा हवा. सॅमेट यांना कागद जपण्याची सवय होती. संगणकाच्या भाषांची माहिती त्या चिकाटीने गोळा करीत असत. १९६९ साली त्यांनी या भाषांचा इतिहास व स्वरूप यांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ग्रंथ लिहून त्या थांबल्या नाहीत. भाषा घडविणारे बहुतेक लोक अजून हयात होते. त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर नाहीशा होण्यापूर्वी त्या लिहून घ्यावयास हव्या होत्या. सॅमेट यांच्या पुढाकाराने जून १९७८ मध्ये लॉस एंजेलिस येथे संगणकाच्या भाषांच्या इतिहासाची पहिली परिषद भरली. तेरा भाषांचा इतिहास तीत सादर झाला, आणि तो सांगण्यासाठी त्या त्या भाषेच्या निर्मितीत प्रत्यक्ष हातभार लावणारी माणसेच बोलावली होती. फोरट्रानविषयी जॉन बॅकस बोलले, लिस्पविषयी जॉन मॅकार्थी बोलले, आणि कोबोलविषयी स्वतः सॅमेट बोलल्या. परिषदेच्या आरंभीचे भाषण ग्रेस हॉपर यांचे होते.

या परिषदेची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. स्मरणशक्ती लबाड असते; आपला वाटा ती मोठा करून दाखविते, आणि दुसऱ्याचा विसरते. म्हणून केवळ आठवणींवर विसंबून चालत नाही. वक्त्यांना आधी प्रश्नावली दिली होती. ही भाषा का निर्माण झाली? कोण कोण काम करीत होते? कोणते मार्ग सोडून दिले, आणि का? प्रत्येक निबंध इतर जाणकारांनी तपासला. सभेतील प्रश्नोत्तरेही टिपून घेऊन पुढे ग्रंथात छापण्यात आली. अशाच परिषदा त्यानंतर १९९३, २००७ व २०२१ या वर्षी झाल्या. सॅमेट २०१७ साली निवर्तल्या. त्यांनी जमविलेली कागदपत्रे मिनेसोटा विद्यापीठातील संगणक-इतिहासाच्या संस्थेत सुरक्षित आहेत.

जुने कागद जपून काय साधते, असे कोणी विचारील. त्याचे एक उदाहरण पाहावे. १९९९ साल संपत आले तेव्हा जगभर एक धास्ती पसरली. जुन्या आज्ञावलींत वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक लिहिलेले असत. २००० साल उजाडताच ‘००’ हे अंक पाहून संगणक ते १९०० समजेल आणि सारे हिशेब कोलमडतील, असे भय होते. आज्ञावली दुरुस्त करण्यासाठी हजारो माणसे कामाला लागली. त्यांत भारतातील अनेक अभियंते होते, मुंबई-पुण्याचेही होते. ‘जुन्या लोकांनी निष्काळजीपणा केला’ असे पुष्कळांनी म्हटले. परंतु त्या काळचे कागद वेगळी हकीकत सांगतात. तेव्हा माहिती साठविण्याची पुठ्ठ्याची कार्डे वापरीत, आणि एका कार्डावर केवळ ८० अक्षरे मावत. यंत्राची स्मृती तुटपुंजी व अतिशय महाग होती. दोन अंक वाचविणे ही त्या वेळी काटकसर होती. आणि या आज्ञावली चाळीस वर्षे टिकतील असे तेव्हा फार थोड्यांना वाटले असेल. कारण समजल्यावाचून दोष देणे म्हणजे अन्याय करणे होय.

एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले. तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना साहाय्यासाठी पुढे येण्याचे जाहीर आवाहन केले; कारण बेकारभत्त्याचे काम करणारी तेथील यंत्रणा त्याच जुन्या भाषेत लिहिलेली होती. जिच्यासाठी साठ वर्षांपूर्वी शिळा घडविली गेली, तिच्या जाणकारांची वाट लोक पाहत होते.

यंत्रे मोडीत निघतात, कंपन्या बंद पडतात, माणसेही जातात. परंतु कोणी काय केले, कोणत्या अडचणीत केले आणि का केले, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले तर पुढच्या पिढीला आधीच्या पिढीचे श्रम उपयोगी पडतात, आणि ज्याचे श्रेय त्याला मिळते. एकाची कीर्ती कमी करणे हा इतिहासाचा हेतू नसतो. जे मागे राहिले त्यांची नावेही त्याच पानावर आणणे, हा असतो.

स्वाध्याय

१. कोबोल ही भाषा निर्माण करण्याची गरज का भासली?
२. ब्रॉमबर्ग यांनी शिळा का पाठविली? ‘ती चिंता खोटी ठरली’ असे का म्हटले आहे?
३. १९७८ च्या परिषदेत केवळ आठवणींवर विसंबून न राहण्यासाठी कोणती काळजी घेतली गेली?
४. ‘कारण समजल्यावाचून दोष देणे म्हणजे अन्याय करणे होय’ हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
५. आपल्या शाळेच्या स्थापनेची हकीकत वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. दोघांच्या सांगण्यात फरक आढळल्यास खरे काय हे कसे ठरवाल?