बोरन्हाणाचे कपडे : कल्पना शोधण्याची कृती

साहित्य : जाड पुठ्ठ्याची वही, टेप, टेलरचा पांढरा खडू, हातभर काळं सुती कापड, वाटीभर हलवा आणि दीड-दोन वर्षांचं एक मूल. मूल स्वतःचं नसलं तर उत्तम; आपलं असलं की आपण त्याच्याकडे बघत बसतो, कपड्याकडे बघायचं राहून जातं.

वेळ : एका संक्रांतीपासून दुसरीपर्यंत.

पहिल्या वर्षी मी फोनवर चित्रं बघून सहा फ्रॉक शिवले. जाळीचा घेर, छातीवर आरशाच्या टिकल्या. मालाड स्टेशनजवळच्या नटराज मार्केटमध्ये चक्कर मारली, तर तसलेच फ्रॉक दुकानोदुकानी लटकलेले, तेही माझ्या शिलाईपेक्षा कमी भावात. वर एका फ्रॉकची टिकली मुलीच्या तोंडातून बोट घालून काढावी लागली. तेव्हापासून कल्पना फोनवर शोधणं बंद.

आधी एखाद्या बोरन्हाणाला वही घेऊन जा. रथसप्तमीपर्यंत कुठल्या ना कुठल्या सोसायटीत ते असतंच. हलव्याच्या दागिन्यांचं कौतुक बाकीच्यांना करू द्या, तुम्ही मुलाचे हात बघा. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा ओतल्या की उत्सवमूर्ती पहिली पाच मिनिटं भांबावलेली असते. जमलेली पोरं मात्र लुटीवर तुटून पडतात आणि मिळेल ते कपड्यात कोंबतात. खिसा नसेल तर फ्रॉकचा घेरच उचलून ओचा करतात, ओचा उचलला की चड्डी दिसते आणि आई ओरडते. हे सगळं लिहून ठेवा. माझ्या कपड्यांना पोटावर अख्खा हात मावेल असा रुंद खिसा आला तो इथून.

सगळे जेवायला उठले की रिकाम्या सतरंजीचा वरून सरळ फोटो काढा. (फोनला एवढंच काम.) बोरांचा हिरवट पिवळा आणि पिकलेल्यांचा विटकरी, उसाच्या सालीचा जांभळा, चुरमुऱ्यांचा मळकट पांढरा. ही झाली तुमची रंगांची पट्टी. यातले तीनच घ्या, चौथ्याचा मोह आवरा. काळ्यावर ते कसे दिसतात हे बघायला त्या त्या रंगाच्या दोऱ्याचे चार-चार टाके कापडावर घालून बघा. डोळे मिटून अंदाज करू नका, काळा रंग भलताच फसवतो.

आता हलवा. काळं कापड जमिनीवर ताठ पसरा आणि हातभर उंचीवरून मूठभर हलवा त्यावर सोडा. हाताने मांडायचा नाही, सोडायचा. दाणे कुठे घोळका करतात, कुठे एकटे पळतात, तसेच राहू द्या; प्रत्येकाभोवती खडूने खूण करा आणि मगच उचला. छापील ठिपक्यांच्या कापडात सगळे ठिपके कवायतीला उभे असतात, इथे ते सांडलेले दिसतात. खुणांवर जाड पांढऱ्या दोऱ्याने गाठीचा टाका घाला. गाठ कापडावर उठून येते आणि बोट फिरवलं की थेट हलव्याच्या काट्यासारखी लागते. मुलं तेच करतात, बोट फिरवत बसतात. तोंडात घातली तरी सुटून येण्यासारखं काही नाही.

पायपिंगचा रंग मला काळा घोड्याला सापडला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत कुर्ल्याच्या काळसर बेसाल्टची आणि पिवळसर मालाड दगडाची आहे. मंगलदास मार्केटला कापडासाठी जाताना कितीदा तरी पाहिली असेल, पण काळ्याशेजारी तो फिका पिवळा किती शांत बसतो हे तेव्हा लक्षात आलं. आपल्याच मालाडच्या खाणीचा रंग, तोही दुसऱ्या टोकाला जाऊन दिसायचा होता.

सापडलेलं सगळंच वापरू नका. मढला बोंबील सुकत घालतात ते जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने दोरीवर. काठासाठी त्याहून सुरेख नक्षी नाही. पण संक्रांतीच्या कपड्यावर बोंबील नको, असं सासूबाई म्हणाल्या आणि ते बरोबरच होतं. वहीत बोंबलांना वेगळं पान द्या.

कापड निवडताना घरातली जुनी चंद्रकळा मिळाली तर सोनं. धुऊन धुऊन ती मऊ झालेली असते आणि तिचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो. नवं काळं सुती घेतलंत तर आधी रात्रभर भिजवा. ते आटतं आणि रंगही सोडतं. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रुमाल काळा झाला, तर ते कापड परत करा. घामाने आणि चिकट साखरेने बाळाचा गळा काळा झाला, की आई पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

बेतायला बसताना वयावर जाऊ नका, उंची आणि छाती मोजा. डोकंही मोजा, ते हमखास विसरतं. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १८ इंच असतो आणि सुती कापड ताणत नाही. म्हणून पाठ उघडी ठेवून टिचबटणं मशीनवर पक्की ठोकून घ्या. गळ्याशी नाडी नको. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना ती चालतच नाही. परकर घोट्याच्या वर ठेवा, माया दोन इंच सोडा.

झबलं-टोपरं, परकर-पोलकं, अंगरखा, कुर्ता, एवढ्यावर थांबा. प्रत्येकात खिसा, सांडलेला हलवा किंवा पिवळी पायपिंग यांपैकी दोन गोष्टी असल्या की सगळे एका घरचे दिसतात.

नमुना दिवाळीनंतर लगेच शिवा, मुलाला घालून अर्धा तास खेळू द्या आणि जिथे ते ओढतं, खाजवतं तिथली शिलाई उसवा. माल डिसेंबरच्या मध्यापर्यंत तयार हवा. रथसप्तमी झाली की काळं झबलं अर्ध्या किमतीतही कुणी विचारत नाही.