चुकारे येईपर्यंतची चिडचिड

प्रश्न : धान खरेदी केंद्रावर मोजून दिले, पण चुकारे अजून खात्यात आले नाहीत. तोवर बायको-पोरांवर उगाच खेकसतो, साधा हिशेबही चुकतो. माझं डोकं बिघडलं का?
– एक शेतकरी, अर्जुनी मोरगाव

उत्तर : नाही, दादा. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची संशोधकांनी दोनदा चाचणी घेतली, एकदा तोडणीआधी आणि एकदा नंतर. माणसं तीच, पण हातात पैसा नसताना त्यांची उत्तरं जास्त चुकली. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये हा अभ्यास छापून आला. सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी, पोरीची फी हे डोक्यात सतत फिरत असलं की बाकीच्या विचाराला जागा उरत नाही. हा तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे. घामाचा पैसा वेळेवर मिळणं मनाच्या आरोग्यासाठीही गरजेचं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

तोवर जमीन गहाण टाकणं, सावकाराकडं जाणं असे मोठे निर्णय एकट्यानं घेऊ नका. देणी वहीत लिहून काढा, ती बायकोला दाखवा. ती बहुधा ओळखूनच असेल. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर लगेच १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे, रात्रीही उचलतात.